काशाच्या खडकाजवळ

मुंबई बंदर आणि समोरचा अलिबागचा किनारा या पट्ट्यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर आपल्याकडे उत्तर तयार असते. गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी, खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, कनकेश्वर, किहीमचा किनारा. सहलीच्या सूचनाफलकावर हीच नावे असतात आणि सहलीहून परत आल्यावर आम्ही विद्यार्थी जो अहवाल लिहितो त्यातही हीच. या यादीबद्दल माझी तक्रार नाही. यातली प्रत्येक जागा पाहावी अशीच आहे. माझी तक्रार आहे ती या यादीत कधीच नसणाऱ्या एका जागेबद्दल. ती जागा पाण्यात आहे. तिथे उतरता येत नाही, डबा सोडून बसता येत नाही, फोटो काढावा असेही तिथे काही नाही. मुंबई आणि रेवस यांच्या मधल्या पाण्यात काशाचा खडक म्हणून एक खडक आहे, त्याच्या आसपासची ही जागा. तिथे 'रामदास' बोट बुडाली.

टायटॅनिक कधी बुडाली हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींना सांगता येते. ती कशावर आपटली, नायक पाण्यात कसा गोठला, हेही येते. रामदासचे नाव काढले की 'कोण रामदास? समर्थ का?' असा प्रश्न येतो. यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

तेव्हा आधी हकिकत सांगते. दिवस गुरुवार, १७ जुलै १९४७. रामदास ही १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटर यांच्या गोदीत बांधलेली आगबोट, लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास जेमतेम दीड तासाचा. आषाढातली अमावास्या, म्हणजे श्रावण लागण्याच्या आधीची. त्यामुळे गिरण्यांतले कामगार, घरगडी, छोटे व्यापारी, बायकामुले अशी सणासाठी गावी निघालेली माणसे बोटीवर पुष्कळ होती. खलाशी धरून सातशेच्या आसपास. समुद्र पावसाळी. अर्ध्याएक तासाने काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोटीला बाजूने धडक दिली. पाणी आत आले. घाबरलेले उतारू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावले आणि त्या भाराने आधीच कललेली बोट उलटली.

सहाशेहून अधिक माणसे गेली. नेमका आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा छापलेला आढळतो. माझ्या मते ही बाब जितकी साधी वाटते तितकी नाही. बोटीवर कोण चढले याची नावनिशीवार यादीच नसेल, तर कोण बुडाले हे शेवटी घरच्यांनी सांगायचे. ज्याच्या घरी सांगणारे कोणी उरले नाही, तो कोणत्या आकड्यात धरायचा?

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई शहर एवढे जवळ, पण दुपारपर्यंत तिथे कोणाला काही कळले नाही. एक लहान मुलगा लाटांबरोबर तरंगत थेट गेटवेपाशी आला आणि त्याच्या तोंडून मुंबईला बातमी कळली, असे आमच्याकडे सांगतात. आज आपण गेटवेसमोर कबुतरांना दाणे टाकताना फोटो काढतो. त्या पायऱ्यांना लागणाऱ्या पाण्यातून तो मुलगा आला होता, हे मार्गदर्शकाने एका वाक्यात सांगितले तर पर्यटकाचा काय तोटा होणार आहे? १९२४ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ही कमान खुली केली, इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथूनच गेली, हे सगळे सांगितले जाते. येणाऱ्या राजाचे आणि जाणाऱ्या फौजेचे आपण सांगतो. मधल्या त्या पोराचे सांगत नाही.

आणि कोळ्यांचे तर नाहीच नाही. जे थोडे लोक वाचले ते वाचले कोणामुळे? सरकारी मदत त्या वेळी तिथे नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या बाजूच्या होड्या तिथून जात होत्या. त्यांनी मासळी परत समुद्रात टाकली आणि माणसे वर घेतली. मासळी टाकणे म्हणजे काय हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ती त्या रात्रीची सगळी मेहनत असते. पावसाळ्यातली असेल तर जीव धोक्यात घालून आणलेली असते. ती टाकताना त्यांनी हिशेब केला नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे फार जुने झाले, ऐंशी वर्षे होत आली. आता उकरून काय मिळवायचे? हा प्रश्न मला आमच्याच वर्गातल्या एका मित्राने विचारला आणि तो अगदीच टाकाऊ नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिली. आजीला सही येते, वाचता येत नाही. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४८ अशी आहे. ही तारीख कोणीतरी कार्यालयात बसून ठरवलेली आहे. तिची खरी तारीख अशी: 'रामदास बुडाली तेव्हा माझी आय पाच महिन्यांची भारी होती.' म्हणजे १९४७ चा नोव्हेंबर. आमच्या वाडीत आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांची वये अशीच सांगितली जातात. रामदासच्या आधीचा, रामदासच्या नंतरची. ज्यांच्याकडे डायरी नाही, छापील वंशवेल नाही, त्यांच्याकडे कालगणना असते ती अशी. रामदास ही आमच्या लोकांची सनावळी आहे. ती पुसली गेली तर आमच्या घरांचा १९४७ च्या आधीचा सगळा काळ एकच धुके होऊन जाईल. पुस्तकात आमच्यासाठी दुसरी खूण ठेवलेली नाही.

पुस्तकात ती का नाही, याचेही एक कारण मला दिसते. ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची संमती झाली ती तारीख १८ जुलै १९४७, म्हणजे रामदास बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. देश केवढ्या धामधुमीत होता! फाळणी समोर उभी होती. अशा वेळी रेवसच्या बोटीवरच्या गरिबांना वर्तमानपत्रात जितकी जागा मिळाली तितकी मिळाली, आणि इतिहासात तर तेवढीही नाही. स्वातंत्र्याला एकोणतीस दिवस उरले होते. ती माणसे गुलाम देशातच बुडाली.

पण एवढेच कारण पुरत नाही. कारण याच बंदरात, तीनच वर्षे आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. त्यांची आठवण म्हणून दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. हे अत्यंत योग्य आहे आणि ते पाळले जावे. त्या बोटीत सोन्याच्या विटाही होत्या, हेही लोकांना ठाऊक असते. सोन्याची गोष्ट कोणी विसरत नाही. प्रश्न एवढाच की गणवेशात मेलेल्यांसाठी देशभर एक सप्ताह, आणि तिकीट काढून घरी निघालेल्यांसाठी काहीच नाही, हे कसे? तिकीट काढणे हेही बोटीवर विश्वास टाकणेच असते.

गुजरातेत पाहा. तिकडे 'वैतरणा' नावाची आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. तिच्यावर लोकगीत झाले, कप्तान हाजी कासमचे नाव घराघरांत गेले, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही सौराष्ट्रातल्या माणसाला विजळी माहीत असते. त्यांना स्मारक बांधायला सरकार लागले नाही. गाणे पुरले. आपल्याकडे रामदासची आठवण राहिली ती कुजबुजीसारखी, दर घरी वेगळी. त्यात अमावास्या आली, म्हणून काही लोक डोळे मिचकावून सांगतात, 'गटारीला निघाले होते, दर्यात गेले.' हे ऐकले की मला संताप येतो. मुंबईत सहा-सहा महिने राबणाऱ्या माणसाने श्रावणाआधी घरी जाऊन कालवण-भाकर खावी यात कोणते पाप? शिवाय तीच अमावास्या दिव्यांची असते. घरोघरी बायका दिवे घासून मांडून ठेवतात. त्या दिवशी रेवसपासून पुढच्या गावांत दिवे मांडलेलेच असणार.

रामदासला संताचे नाव होते आणि 'तुकाराम'लाही होते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी कोकणच्या किनाऱ्यावर एकाच दिवशी वादळात बुडाल्या. म्हणजे रामदास ही पहिली नव्हती. आम्ही इतिहासाच्या तासाला एकही आरमारी लढाई सोडत नाही. मग या बोटींना आरमार नव्हते, फक्त उतारू होते, म्हणून त्यांना इतिहास नाही काय?

इथे खांदेरीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मला हे बेट फार आवडते. थळच्या किनाऱ्यावरून ते दिसते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचे धाबे दणाणले. बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचा किल्ला! त्यांनी गलबते पाठवली, पण मायनाक भंडारी आणि त्यांची माणसे हटली नाहीत. इंग्रजांची मोठी गलबते वाऱ्यावाचून अडत, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर उथळ पाण्यातून सरसर ये-जा करत. पुढल्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. खांदेरीवर १८६७ चा दीपगृहाचा मनोरा आहे, वेताळाचे ठाणे आहे, आणि ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा एक दगड आहे, जो प्रत्येक जण वाजवून पाहतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी आहे. आम्हा अलिबागकरांना केवढा अभिमान वाटला!

पण विचार करा, खांदेरीवर दगड वाहणारी आणि वल्ही मारणारी माणसे कोण होती? याच किनाऱ्यावरचे कोळी आणि भंडारी. आणि १९४७ मध्ये मासळी टाकून माणसे वर काढणारे कोण होते? तेच. वल्हे तेच, पाणी तेच. एकाला जागतिक वारसा म्हणायचे आणि दुसऱ्याची नोंदही ठेवायची नाही, हे मला पटत नाही. खांदेरी पाहायला येणाऱ्याला रामदास सांगितली तर खांदेरी लहान होत नाही, उलट ती जास्त कळते. सोळाव्या-सतराव्या शतकातला दर्यावर्दी म्हणजे चित्रातला पुरुष न राहता बोडणीच्या किंवा थळच्या एखाद्या घरातला आजोबा होतो.

घारापुरीचेही तेच. १९८७ पासून ती जागतिक वारशात आहे. त्रिमूर्ती पाहताना माणूस गप्प होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण त्या बेटावर राहणाऱ्या गावांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत! मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना सत्तर वर्षे स्वातंत्र्यातली माणसे अंधारात राहिली आणि आपण मात्र लेणी पाहून शेवटच्या लाँचने परत येत राहिलो. प्रेक्षणीय स्थळ म्हटले की आपल्याला माणूस दिसेनासा होतो, अशी माझी शंका आहे.

हे सगळे केवळ आठवणीचे प्रकरण असते तर कदाचित मी एवढे लिहिले नसते. पण १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बोट बुडाली. नौदलाची वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत असताना तिच्यावर आदळली. पंधरा माणसे गेली. त्यांत सहलीला आलेली कुटुंबे होती, लहान मुले होती. त्यानंतर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले. रामदासवरही जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती, त्यांच्यासाठी झोंबाझोंबी झाली, असे वाचलेले लोक सांगत. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच बंदरात आपण तोच धडा पुन्हा नव्याने घेतला.

उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितले पाहिजे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक उतारू बोट खडकावर आपटून बुडू लागली. जवळच गस्तीवर असलेल्या पोलिसांच्या बोटीने सगळ्यांना, ८८ जणांना, वाचवले. एकही गेला नाही. रामदास आणि ही बोट यांत फरक कोणता? दैवाचा फरक मी मानत नाही. मदत जवळ होती आणि वेळेवर कळले, हा फरक. त्यानंतर एका दिवसातच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो सुरू झाली. ती पावसाळ्यातही जाते आणि तासाभरात पोचते. तिच्या वरच्या मजल्यावर बसून वडापाव खाताना काशाचा खडक कुठल्या बाजूला राहिला, हे कोणी विचारत नाही.

मी गेल्या हिवाळ्यात एका लाँचमधून जाताना पाहिले. सर्वांना जॅकेटे दिली होती. बोट धक्क्यावरून सुटून जरा पुढे गेली आणि निम्म्या लोकांनी ती काढून बाकाखाली टाकली, फोटोत केशरी रंग चांगला दिसत नाही म्हणून. खलाशी बिचारा 'घाला, घाला' म्हणत फिरत होता. त्याचे कोणी ऐकत नव्हते. त्या सर्वांना नियम माहीत होता, पण गोष्ट माहीत नव्हती. नियम तिकिटाच्या मागे छापता येतो, पण तिकिटाची मागची बाजू कोण वाचतो? 'इथे एका सकाळी सहाशे माणसे बुडाली' हे ध्वनिक्षेपकावरून एकदा शांत आवाजात सांगितले, तर माझी खात्री आहे, बाकाखालची जॅकेटे वर येतील. पर्यटकांचा विरस होईल, असे म्हणणारे म्हणोत. घारापुरीची मूर्ती फोडलेली पाहून विरस होत नाही, कुलाबा किल्ल्यातले पडके वाडे पाहून होत नाही, मग यानेच का व्हावा?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. भाऊच्या धक्क्यावर आणि रेवसला एकेक फलक असावा आणि त्यावर आकड्याऐवजी नावे असावीत. गावांप्रमाणे लिहिलेली. मोठा चबुतरा, कारंजे, उद्घाटनाची कोनशिला यांची गरज नाही. आपल्याकडे कोनशिलेवर उद्घाटकाचेच नाव मोठे असते. पण नावे आणायची कुठून? सरकारी दप्तरातून ती सगळी मिळतील, असे मला वाटत नाही. ती गावांतून आणावी लागतील, आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे.

हे काम महाविद्यालयाचे आहे, असे मी ठामपणे म्हणते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी होते. आपण रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, संध्याकाळी पथनाट्य करतो. ते चांगलेच आहे. पण एक वर्ष खड्डा राहू द्या. चाळीस मुलेमुली दोन-दोनच्या जोडीने रेवस, बोडणी, मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ या गावांत जातील, म्हाताऱ्यांपाशी बसतील, विचारतील आणि लिहून घेतील. कोण गेले, वय काय, मुंबईत काय करत होते, कोण वाचले, कोणाच्या होडीने वाचवले. प्रत्येक नाव दोन घरांत विचारून ताडून घ्यायचे. इतिहासाच्या सरांना हे मी बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, 'आधी तू लिहून आण, मग बघू.' सरांचे म्हणणे रास्तच आहे.

तेव्हा आमच्या वाडीपासून मी सुरुवात केली आहे. आतापर्यंत चार नावे मिळाली. तिघांची पूर्ण, वडिलांच्या नावासह. चौथ्या ठिकाणी मी फक्त 'धाकटी, वय सहा-सात' एवढेच लिहिले आहे; तिला घरात धाकटी म्हणत, आणि तिचे पाळण्यातले नाव सांगणारे आता कोणी नाही. ज्यांच्या घरी, आजोळी किंवा शेजारी अशी नावे ठाऊक असतील त्यांनी ती मला द्वितीय वर्षाच्या वर्गात आणून द्यावीत. गाव आणि सांगणाऱ्याचे नाते तेवढे सोबत लिहावे.